सह्यांची बॅट कुणाला देण्याआधी

घरात सह्यांची बॅट, एखाद्या गाजलेल्या सामन्यातला चेंडू किंवा वडिलांचे पदक असेल आणि ते कुणाला द्यायचे मनात आले असेल, तर ती वस्तू आपल्या एकट्याची आहे का, हे आधी पाहावे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिच्यावर आईचा, भावाचा आणि सासरी गेलेल्या बहिणीचाही सारखाच हक्क असतो. बहिणीला न विचारता दिलेली भेट तिच्याही वाट्यातून दिलेली असते.

कायद्यापलीकडेही काही हक्क असतात. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले, त्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. २०१७ साली जाधव कुटुंबीयांनी कुस्ती अकादमीसाठी त्या पदकाचा लिलाव करण्याचा विचार बोलून दाखवला. पदक त्यांचेच होते, तरीही निर्णय परस्पर न उरकता चारचौघांत मांडला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

घेणाऱ्याला वस्तूची किंमत स्पष्ट सांगावी. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने ज्या बॅटने विजयी षटकार मारला, ती त्याच वर्षी लंडनमधील लिलावात एक लाख पौंडांना विकली गेली. आपली बॅट तेवढ्या मोलाची नसेलही, पण ‘खेळायला घे’ म्हणून दिली, तर शेजारचा मुलगा तिला प्रेमाने जवसाचे तेल लावील आणि सह्या पुसून जातील. सही खरी असल्याची खात्री नसेल, तर तेही सांगावे. फिकट झालेली सही मार्करने गिरवून कधीही देऊ नये.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तू आपण सुपूर्त केली आणि समोरच्याने स्वीकारली, की दान पूर्ण होते, आणि मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. त्यामुळे अट घालायची असेल, तर ती देण्यापूर्वीच लेखी ठरवावी. मात्र ‘कधीच विकू नकोस’ ही अट व्यक्तीला शक्यतो घालू नये, कारण उद्या त्या घरात दवाखान्याचा खर्च निघाला, तर आपली भेट त्यांना ओझे होईल. वस्तू विकली जाण्याची कल्पनाच सहन होत नसेल, तर पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’सारख्या संग्रहालयाकडे विचारणा करावी.

संस्थेला देतानाही ती कुठे ठेवणार, हे विचारावे. वडिलांची बॅट मी एका संस्थेला दिली होती. तीन वर्षांनी गेलो, तेव्हा ती खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात दुपारच्या उन्हात उभी होती आणि अकरांपैकी चारच नावे वाचता येत होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला पोच घ्यायला आणि ‘थेट ऊन लागणार नाही’ हे त्या पोचेवरच लिहून घ्यायला सांगतो. सोबत एका कागदावर सामना, तारीख आणि वस्तू हाती कशी आली, हे स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली सही करून द्यावे.