जात्यावरच्या ओव्या ऐकून आपलं नवीन काहीतरी कसं करायचं

गाणं, एकांकिका, रील, चित्र, काहीही करायचंय आणि सुचत नाहीये, तर पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर जात्यावरच्या ओव्या उघडा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून या गोळा केल्या, नंतर बर्नार्ड बेल यांनी आवाज रेकॉर्ड केले, डेटाबेस केला, आणि २०१७ पासून पारी त्या लोकांसमोर आणतेय. हजारावर गावं, लाखावर ओव्या. म्हणजे सगळं ऐकायच्या भानगडीत पडूच नका.

एकच बाई निवडा, एकच गाव. आणि आधी ऐका, शब्द नंतर वाचा, कारण लिहिलेल्या दोन ओळी कागदावर अगदी साध्या दिसतात पण गाताना ती बाई अर्धी ओळ परत घेते, मधेच गं बाई टाकते, श्वास लागला की थांबते, आणि ही सगळी लय दळणाऱ्या हातातून आलेली असते. दोन-तीन वेळा ऐकलं की तुमचाही हात हलायला लागतो, तिथून पुढे वही घ्या.

आता बघा ओवी काय करते. बऱ्याचदा पहिल्या ओळीत काहीतरी दिसतं आणि दुसरीत ती कुणाशी तरी बोलते, आईशी, भावाशी, शेजारणीशी. हा सांगाडा उचला, शब्द नको. त्यात आपलं काम घाला, आपल्या रोजच्या दगदगीतलं. मी जुळवून बघितली ती अशी:

आठ-पाचाच्या गाडीला, उभी राहिले दारात
सांगते बाई तुला, लेक तापली घरात

फार भारी नाहीये, पण विषय आजचा आहे आणि चाल लागते.

लोकल वगैरे घातली तर ओवी बिघडेल असं वाटत असेल तर बाबासाहेबांच्या ओव्या ऐकाच. सीतेचा वनवास गाणाऱ्या जात्यावर बायांनी भीमरावालाही बसवलं, कुणाला विचारलं नाही. त्यांनी नवीन घातलं म्हणूनच तर आपल्याला ऐकायला इतकं मिळतंय.

स्टेजवर करणार असाल तर दोघी समोरासमोर बसवा, एक ओळ टाकेल दुसरी उचलेल. खरं जातं नसलं तरी चालेल, पण हात कशात तरी गुंतलेले पाहिजेत, पीठ मळा, नाहीतर लसूण सोला. आणि प्लीज खाली धडधड बीट टाकू नका, श्वास ऐकूच येत नाही मग.

मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचा असेल तर साइटवरच्या अटी वाचा, शंका असली तर मेल करून विचारा. गाणारीचं नाव, गाव बहुतेक तिथेच दिलेलं असतं, ते पोस्टरवर टाकायचं, आणि तुमच्या नावाच्याच साइजमध्ये, खाली बारीक अक्षरात पारंपरिक लिहून मोकळं व्हायचं नाही.