देवाच्या दयेच्या हाकेला ओ देताना काय खाली ठेवावे

यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाला येशूने बोलावले, तेव्हा तो आपले वस्त्र टाकून उठला, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात सांगितले आहे. ते वस्त्र म्हणजे काही पाप नव्हते. भिकाऱ्याला ते उपयोगाचेच होते. शिवाय हाक आधी आली आणि वस्त्र नंतर टाकले गेले, हा क्रम विसरू नये.

म्हणून प्रथम शांत बसून मार्क 10:46-52 सावकाश वाचावे आणि प्रार्थना पुढे ढकलताना आपण कोणकोणती कारणे देतो, ती प्रामाणिकपणे लिहून काढावीत. लूकच्या 14व्या अध्यायातील मेजवानीच्या दाखल्यात आमंत्रितांनी नवे शेत, बैलांच्या 5 जोड्या आणि नुकतेच झालेले लग्न अशा सबबी सांगितल्या. त्यांपैकी एकही गोष्ट वाईट नव्हती.

इब्री लोकांस पत्र 12:1 मध्ये ‘भार’ आणि ‘सहज गुंतवणारे पाप’ असा भेद केलेला आहे, आणि आपली यादीही त्याच भेदाने पाहावी, कारण दोहोंवरचा उपाय निराळा आहे. भाराला मर्यादा घालावी: कामाला, करमणुकीला किंवा लोकांच्या मताला दिलेला वेळ ठरवून कमी करावा. पाप मात्र कमी करून भागत नाही. ते देवापुढे नाव घेऊन कबूल करावे, आणि ज्यांच्या मंडळीत प्रायश्चित्त संस्कार आहे त्यांनी धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करावे. कोणाचे नुकसान केले असेल तर येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराप्रमाणे भरपाईचाही विचार करावा. त्याने फसवून घेतलेले चौपट परत देण्याची तयारी दाखवली होती. बंधूशी वैर असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करावा, असे मत्तय 5:23-24 सांगते.

सर्वांत चिवट अडथळा या यादीत सहसा येतच नाही. ‘आधी सुधारतो, मग देवाकडे जातो’ हा विचार वरवर नम्र वाटतो. पण माझ्या मते त्यात दया ही कमाई समजण्याची चूक दडलेली असते. पुढे येशूचा शिष्य झालेला लेवी हा जकातदार जकातनाक्यावर बसलेला असतानाच त्याला येशूचे बोलावणे आले. त्याच्याकडून आधी हिशेब मागितला गेला नाही. अपात्रतेची भावना दाटून आली, तर तिच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ‘दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर’ एवढीच बार्तिमयाची प्रार्थना करावी आणि यादीतील एक गोष्ट त्याच दिवशी हाती घ्यावी.

मात्र आईवडिलांची किंवा मुलांची जबाबदारी ‘अडथळा’ म्हणून यादीत लिहू नये. आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, ठरवून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांचा येशूने मार्कच्या 7व्या अध्यायात स्पष्ट शब्दांत निषेध केला आहे.