खाडीत गावलेला गोळा: हात लावण्याआधी काय बघायचं

मागच्या फाल्गुनात, ओहोटीला कालवं काढायला गेलेला शेजारचा पोरगा गोणपाटात काहीतरी जड घेऊन माझ्या खळ्यात आला. "काकानू, ह्यां बघा, खाडयेत गावलां." मी म्हटलं, "आदी तां खाली ठेय. सावकाश." त्याला वाटलं म्हातारा रागावला. रागावलो नव्हतो, घाबरलो होतो.

31 वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासली, आता विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावात कलमं राखतो. त्यामुळे विजयदुर्गाच्या आजूबाजूला काही गोल नि गंजलेलं गावलं की ते माझ्याकडे येतं. दहांतल्या आठ वस्तू तोफेच्या नसतातच. उरलेल्या दोनांसाठी हे लिहितोय.

पहिला प्रश्न "किती जुनं" हा नाही. भरीव की पोकळ, हा आहे. आपल्याकडे जुना शब्द आहे: कुलपी गोळा. आत दारू भरलेला, वातीने फुटणारा. विजयदुर्गात असे गोळे गावणं अगदी शक्य आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने किल्ल्यावर मारा केला तेव्हा उखळी तोफांचा एक गोळा आंग्र्यांच्या ताब्यातल्या जहाजावर पडला, ते पेटलं आणि त्याच्यापासून तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळून गेलं. म्हणजे साहेबाने इथे भरीव आणि कुलपी दोन्ही टाकले, नि सगळेच काही फुटले नसणार.

कुलपी गोळ्याला वातीचं भोक असतं, साधारण बोटभर ते अंगठ्याएवढं. त्यात लाकडी खुंटी ठोकलेली असे. ती कुजते, भोकात चिखल नि गंज बसतो आणि भोक दिसेनासं होतं. तेव्हा भोक शोधू नका, गंजाचा रंग बघा. एका जागी वाटोळा, वेगळ्या रंगाचा डाग दिसला की तो गोळा कुलपी समजायचा. खिळ्याने कोरून बघायचं नाही, धुवायचं नाही, उन्हात वाळत ठेवायचं नाही. काळी दारू पाण्यात मुरली म्हणून मरत नाही. वाळली की पुन्हा तीच. 2008 साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये जुने गोळे जमवणारा एक जाणता माणूस, असाच एक गोळा साफ करताना मेला. गोळा त्यांच्या 1860च्या दशकातल्या यादवी युद्धातला होता. त्या माणसाने आधी कित्येक गोळे साफ केले होते.

डाग नसेल तरी उचलू नका. बाजूला फूटपट्टी आडवी ठेवा, नाहीतर चप्पल, आणि वरून फोटो काढा. इंग्रजी गोळ्यांना ठरलेली मापं होती, म्हणून नुसत्या व्यासावरून पुष्कळ कळतं. 9 पौंडी गोळा सव्वादहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, 12 पौंडी सव्वाअकरा, 18 पौंडी पावणेतेरा, 24 पौंडी चौदा. गंजाने सालं निघतात किंवा खपली चढते, तेव्हा दोन-चार मिलिमीटर सोडून द्यायचे. तीस सेंटिमीटरच्या वर गेला तर तो उखळी तोफेचाच, आणि तुम्ही आधीच फार जवळ उभे आहात.

ओतीव गोळ्यावर, साचा दोन अर्धांचा असल्यामुळे, पोटावर बारीक शिवण दिसते आणि एका जागी लोखंड ओतल्याची खरबरीत चकती. शिवण नाही, अंग गुळगुळीत, गोलाई अगदी यंत्रावरची, तर संशय घ्या. इथे माझी एक फजिती सांगतो. एका देवळाच्या पडवीत वर्षानुवर्षं "आंग्र्यांचा गोळा" म्हणून ठेवलेला होता, लोक त्याला कुंकू लावत. मी चिमटीत कॅलिपर, म्हणजे व्यास मोजायचा चिमटा, धरून ऐटीत 9 पौंडी असल्याचा निकाल दिला. पुढे वजन केलं तर बरोबर 4 किलो. 9 पौंडी गोळा 4.1 किलोचा, म्हणजे फरक गंजात खपून गेला असता. पण कुंकू पुसल्यावर खाली लेथच्या, म्हणजे कातणाऱ्या यंत्राच्या, रेघा निघाल्या. तो मुलींच्या गोळाफेकीचा गोळा होता. कुंकू अजून लावतात, मी काही बोलत नाही.

दगडी गोळेही गावतात. त्यांच्यावर टाकीचे घाव दिसतात, आणि ते निरुपद्रवी. जांभ्याचे वाटोळे गोटे तर पावसाळ्यात ढिगाने येतात, त्यात वेळ घालवू नका.

समुद्रात दोनशे वर्षं पडलेल्या ओतीव लोखंडाची एक गंमत आहे. खारं पाणी त्यातलं लोखंड खाऊन टाकतं आणि मागे शिशापेन्सिलीसारखं काळं, हलकं अंग उरतं. आकार जसाच्या तसा. असा गोळा पाण्याबाहेर काढला की हवा लागून चक्क गरम होतो, कधी तडकतो. त्याला बघून "आत काहीतरी जिवंत आहे" म्हणून लोक पळतात, आणि खरा कुलपी गोळा मात्र खिडकीत शोभेला ठेवतात.

आता लांबट वस्तू. खालच्या बाजूला तांब्याचं कडं असेल तर तो रायफल नळीच्या, म्हणजे आतून पीळदार चरा असलेल्या, तोफेचा गोळा, म्हणजे अलीकडचा. कड्यावर तिरक्या चरा उमटल्या असतील तर तो डागलेला आहे, आणि डागूनही फुटलेला नसला तर सगळ्यांत वाईट. तांब्याच्या भावापायी छिन्नी घेऊन बसणारे मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी चहासुद्धा घेऊ नये.

काडतूस रिकामं असेल तर बूड वाचा. "के" आणि "एफ", मध्ये कावळ्याच्या पावलासारखा बाण, बाजूला सालाचे आकडे: ते आमच्या खडकीचं. बुडाला बाहेर आलेली कड आणि लांबी 56 मिलिमीटर असेल तर थ्री-नॉट-थ्री. गोळी अजून तोंडात असेल तर वाचन बंद.

पावसाळ्यात नळकांडी वाहून येतात, पाण्यात खूण म्हणून नौकांवरून टाकलेली, धूर सोडणारी. काहींना लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असं पुस्तकात सांगतात, पण बंदरावर त्या वासाचा काय उपयोग! आणि पिवळसर मेणचट खडा सापडला म्हणून व्हेल माशाची उलटी समजून गरम सुई टोचू नका. उलटी बाळगणं गुन्हा आहेच, पण तो पांढरा फॉस्फरस निघाला तर वाळल्यावर 30 अंशांच्या आसपास आपोआप पेटतो. मे महिन्यात तुमचा खिसा त्याहून तापलेला असतो.

फोटो झाला की मागे या, जागा लक्षात ठेवा, भरतीची वेळ लिहून ठेवा, आणि 112 ला फोन करा. किनाऱ्यावर असाल तर सागरी सुरक्षेचा 1093. किल्ल्याच्या आवारातलं काही घरी नेऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे.

पोराच्या गोळ्यावर वाटोळा डाग होता. घरातली माणसं मागच्या दाराने रामेश्वराच्या देवळाकडे पाठवली, फोन केला, दीड तासाने पोलीस आणि संध्याकाळी बॉम्बशोधक पथक आलं. त्यांनी तो वाळूच्या पेटीत घालून नेला. दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा आला. गोळ्याबद्दल काहीच विचारलं नाही त्याने. "काकानू, माझा गोणपाट खंय गेला?"