ओटावात रस्त्यावर खड्डा दिसला तर काय करावं?

मार्च सुरू झाला की कॅनडाच्या राजधानीतले, ओटावातले, रस्ते फुटायला लागतात. दुपारी पारा चारवर, रात्री उणे आठवर. दिवसा वितळलेलं बर्फाचं पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भेग रुंदावते, खालची खडी सैल होते. पुन्हा वितळलं की आत पोकळी राहते आणि वरून एखादी बस गेली की डांबराचा तुकडाच निखळतो. पुण्या-ठाण्यातले पावसाळी खड्डेही पाण्याचेच, पण इथे हे गोठणं-वितळणं रोज चालतं. सकाळी ऑफिसला जाताना वाटीएवढा दिसलेला खड्डा आठवड्याभरात परातीएवढा झालेला मी पाहिला आहे.

नवीन आलेली आपली मंडळी बहुधा ‘कोणीतरी कळवलं असेलच’ म्हणून पुढे जातात. कृपा करून तसं करू नका. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोच्या रस्ते-देखभाल नियमांत (नियम क्रमांक २३९/०२) खड्डा बुजवायची मुदत ठरलेली आहे आणि ती मोजली जाते पालिकेला खड्डा कळल्यापासून. तो पालिकेच्या गस्तीच्या गाडीला दिसला तर ठीक, नाहीतर तुम्ही सांगेपर्यंत मुदत सुरूच होत नाही.

रस्ता कोणाचा, ते आधी बघा

शहरातले बहुतेक रस्ते ओटावा पालिकेचे आहेत, त्यांच्यासाठी पालिकेच्या ३११ या फोन क्रमांकावर कळवा. पण क्वीन्सवे, म्हणजे हायवे ४१७, प्रांताच्या परिवहन मंत्रालयाकडे आहे. कालव्याच्या दोन्ही काठांचे कर्नल बाय ड्राइव्ह आणि क्वीन एलिझाबेथ ड्राइव्हवे हे नॅशनल कॅपिटल कमिशनचे, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतले. नदीपलीकडे गॅटिनो लागलं की प्रांतच बदलतो, तिथली पालिका वेगळी. मॉलचं पार्किंग किंवा तुमच्या कॉन्डोच्या (फ्लॅटच्या सोसायटीच्या) आवारातली गल्ली असेल तर मालकाला किंवा कॉन्डोच्या व्यवस्थापनाला कळवा. चुकीच्या दारात तक्रार गेली तर दिवस फुकट जातात.

मग अंदाजे माप घ्या

फुटपाथवरूनच घ्या, टेप घेऊन रस्त्यात उतरू नका. नियमात क्षेत्रफळ आणि खोली या दोन्ही मर्यादा ओलांडाव्या लागतात. खोली सगळीकडे ८ सेंटिमीटर, म्हणजे आडव्या धरलेल्या चार बोटांहून किंचित जास्त. सगळ्यात वेगाच्या, वर्दळीच्या रस्त्यांवर ६०० चौरस सेंटिमीटर, साधारण जेवणाच्या ताटाएवढा खड्डा, ४ दिवसांत बुजवायचा असतो. कमी वर्दळीच्या रस्त्यावर १,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मध्यम परातीएवढा, आणि मुदत ३० दिवस. मधल्या वर्गांतल्या रस्त्यांना ४, ७ किंवा १४ दिवस मिळतात. खड्डा यापेक्षा लहान असला तरी कळवाच, तो तेवढाच राहणार नाही.

कळवताना नेमकं सांगा

‘अमुक रस्त्यावर मोठा खड्डा आहे’ एवढ्यावर माणूस पाठवता येत नाही. जवळच्या घराचा क्रमांक किंवा चौक, कोणत्या दिशेला जाणारी बाजू, कितवी लेन, माप, आणि चाक आदळत असेल तर तेही सांगा. शेजारी बसलेल्या माणसाने काढलेला फोटो असेल तर उत्तम. साधा खड्डा ऑनलाइन नोंदवता येतो. पण खड्डा चुकवायला गाड्या समोरच्या लेनमध्ये घुसत असतील तर थेट फोन करा. शेवटी तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.

गाडी आदळलीच तर

पाण्याचं डबकं दिसलं की खाली खड्डा आहे असंच समजा. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक आत जाण्यापूर्वी सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा भाग खाली झुकतो आणि दणका जास्त बसतो. टायरची हवाही तपासत राहा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो आणि मऊ टायरमध्ये रिम सहज वाकते.

आदळल्यावर सुरक्षित जागी थांबून टायरच्या बाजूवरून हात फिरवा. माझ्या टायरवर लिंबाएवढा फुगा आला होता, गाडी मात्र नीट चालत होती. मेकॅनिकने बोट ठेवून दाखवलं: आतले धागे तुटलेत, आता फक्त वरचं रबर हवा धरून आहे. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

भरपाई मागायची असेल तर पालिकेच्या रस्त्यासाठी फक्त १० दिवस असतात. तारीख, वेळ, ठिकाण आणि नुकसान लिहून ‘सिटी क्लार्क’च्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. (इथला क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, आपल्याकडच्या नगरसचिवासारखा वरिष्ठ अधिकारी.) पालिकेने मुदत पाळली असेल तर दावा सहसा टिकत नाही. पण आधीच कोणी तक्रार केलेली असेल आणि मुदत उलटून गेली असेल तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणजे तुम्ही आज केलेला फोन उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या कामी येऊ शकतो. विम्याकडे जायचं तर हे नुकसान ‘कोलिजन’मध्ये (गाडी आदळल्याच्या विम्यात) मोडतं आणि बहुतेक कंपन्या चूक चालकाची धरतात. आधी डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात आपल्या खिशातून भरायची रक्कम, बघा, मग ठरवा.

बुजवल्यावरही लक्ष ठेवा

कडाक्याच्या थंडीत गरम डांबराचे प्लांट बंद असतात, म्हणून तेव्हा थंड मिश्रणाचं ठिगळ लावतात. ओल्या खड्ड्यात ते नीट धरत नाही आणि दोन-तीन गोठण्यांत उखडतं. कामगारांनी काम टाळलं असं समजू नका, त्या हवेत एवढंच शक्य असतं. ठिगळ निघालेलं दिसलं की नवी तक्रार करा आणि जुना क्रमांक सोबत द्या. मे महिन्यात गरम डांबराचं काम सुरू झालं की तोच खड्डा पुन्हा एकदा कळवा.