पिकअपमागे मोठी बोट न्यायची, तर नाकावरचं वजन आधी मोजा

नाथसागरातून बोट काढून माजलगाव धरणावर किंवा नांदेडला विष्णुपुरीवर न्यायची म्हटलं की जो तो एकच विचारतो, "पिकअप ओढेल का?" चांगल्या इंजिनाची पिकअप ओढेल. पण बोट मागे सरळ चालेल का आणि घाईचा ब्रेक लागला तर काय होईल, हे कुणी विचारत नाही. रस्त्यावर जीव जातो तो या दोन गोष्टींमुळे.

कागदपत्रांचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. त्याचा स्वतःचा नंबर बाजूला दिसला पाहिजे आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागच्या बाजूला. पिकअप एमएच-20 ची असेल तर तोच नंबर मागेही हवा. रुंदीची मर्यादा 2.6 मीटर. बोटीचा सगळ्यात रुंद भाग टेपने मोजा, डोळ्यांनी अंदाज करू नका. बाहेर आलेल्या मालासाठी कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवायचा खर्चही तुमच्याच माथी. 2.6 मीटरहून रुंद बोट असेल तर आरटीओची परवानगी घ्या किंवा लो-बेड, म्हणजे जमिनीलगतच्या बुटक्या ट्रेलरवाल्याला सांगा. पिकअपचा नाद सोडा.

गावातली शेतीची ट्रॉली मागून आणून तिच्यावर बोट चढवू नका. ती ट्रॅक्टरच्या संथ चालीसाठी बनवलेली असते, आणि तिच्या पिनेच्या हुकात एवढी ढिलाई असते की प्रत्येक गचक्याला बोट मागून ढुशी देते. बॉलचा हूकच हवा, तोही चेसिसला नटबोल्टने बसवलेला. बंपरला वेल्डिंग करून "चालतंय की" म्हणणाऱ्या फॅब्रिकेटरकडून उठून या. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे हूक निसटला तरी ट्रेलरचं नाक, म्हणजे हुकावर टेकणारं टोक, डांबरावर न आपटता साखळ्यांवर पडेल. भरलेला ट्रेलर 750 किलोच्या वर जात असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक असल्याशिवाय मी हलत नाही.

आता खरी गोम. ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार पडला पाहिजे. भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी थोडंसं, मग वेग वाढेल तसं जास्त, आणि एका टप्प्यानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा येतो. मग पिकअपचा मागचा भागच तो इकडून तिकडे फेकतो. हे मलाही बरेच दिवस उमगलं नव्हतं, कारण उभ्या गाडीत सगळं नीट दिसतं आणि गावातल्या चाळीसच्या वेगाला काही कळत नाही. पाचोडपासून धुळे-सोलापूर महामार्गाला लागलात आणि शेजारून एखादा ट्रक हवा कापत गेला, की कळतं.

बोटीत हे जास्त घडतं, कारण तिचं वजन मागे असतं. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी बहुधा मागे, आणि तळाशी साचलेलं पाणीही उतार मिळाला की मागे जातं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून पहिलं काम, तळाचं बूच काढा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. टाकी रिकामी करता आली तर उत्तम.

मग मोजा. आपल्याकडे याची सोय मुबलक आहे, जिनिंगच्या आणि साखर कारखान्याच्या वाटेवर वजनकाटे आहेतच. ट्रेलर पिकअपपासून सोडवून एकटाच काट्यावर उभा करा, ते एकूण वजन. समजा 1,800 किलो भरलं. आता नाकावरचा भार. ट्रकच्या मोठ्या काट्याचा आकडा दहा-वीस किलोच्या उड्या मारतो, म्हणून हे मोजायला मोंढ्यातल्या आडतीवरचा धान्याचा काटा घ्या. जमीन सपाट हवी. नाकाखाली लाकडी ठोकळे रचून ते काट्यावर टेकवा, पण उंची पिकअपच्या हुकाएवढीच ठेवा. नाक खाली-वर झालं की आकडा खोटा येतो. 1,800 ला 180 ते 270 किलो पाहिजे. सत्तर-ऐंशी भरलं तर त्या दिवशी निघू नका.

कमी भरलं तर बोट ट्रेलरवर पुढे सरकवा, पण बेतानं. बोटीचा मागचा पाट, जिथे इंजिन लटकतं, तो ट्रेलरच्या आधारावरच राहिला पाहिजे. तो अधांतरी आला तर खड्ड्या-खड्ड्याला फायबरचा तळ वाकतो. तेवढी जागा नसेल तर ट्रेलरचा एक्सल मागे घ्यावा लागतो, आणि ते काम वर्कशॉपमध्येच करा. हौद्यात वाळूची पोती टाकण्याचा सल्ला ऐकू नका. पोत्यांनी पिकअप दबते, ट्रेलरचं नाक होतं तेवढंच हलकं राहतं. उलट भार फार झाला तर पिकअपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगला पकड राहत नाही. हा भार पिकअपच्या क्षमतेतच धरायचा असतो, म्हणून हौद्यात इतर सामान भरताना तो वजा करा.

वाटेत ट्रेलर हलायलाच लागला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग सरळ धरा, वेग आपोआप पडू द्या. ट्रेलरच्या उलट स्टेअरिंग मारायचं नाही, पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही. "वेग वाढव, सरळ होईल" असं सांगणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

बाकीचं सोपं आहे. मागे दोन्ही कडांना रॅचेटचे पट्टे, पुढे बोट ओढून धरणारी विंच असतेच, तिच्या जोडीला आणखी एक वेगळी साखळी. सुती दोर नको, सैल पडतो. इंजिन वर उचलून आधार द्या. मागचे दिवे आणि इंडिकेटर चालू आहेत का, ते दुसऱ्याला मागे उभं करून बघा.

साठच्या वर जाऊ नका. उसाच्या हंगामात गढी-माजलगाव रस्त्यावर रात्री मुळीच नको. दिवे नसलेल्या जोडट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत आणि तुम्हाला थांबायला अंतर जास्त लागतं. पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे आवळा आणि चाकांच्या हबला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जातंय, तिथेच थांबा.

धरणावर पोचलात की लगेच पाण्यात उतरवू नका. तापलेलं हब गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, पुढच्या फेरीला बेअरिंग तिथेच अडकतं. अर्धा तास जाऊ द्या. तोवर बूच लावा आणि पाण्याकडे चालत जाऊन जमीन बघा. पाणी ओसरलेल्या काळ्या मातीत भरलेली पिकअप रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, त्यामुळे मुरमाचा काठ सापडेपर्यंत गाडी वरच उभी ठेवा.