१९४० चा वसंत नकाशावर कसा मांडावा

माझ्या वर्गात तारखा पाठ करायच्या नाहीत, हा नियम आहे. युरोपचा कोरा नकाशा घ्या आणि प्रत्येक देशावर दोनच गोष्टी लिहा: जर्मनीचा हल्ला कधी झाला, लढाई कधी थांबली. डेन्मार्कवर दोन्हीकडे ९ एप्रिलच येईल. काही तासांत सगळं आटोपलं.

नॉर्वेवरचा हल्लाही त्याच पहाटेचा, पण तिथली रेघ १० जूनपर्यंत ओढा. इथे घाई नको. ऑस्लोच्या खाडीत ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुन्यापुराण्या तोफांनी आणि टॉर्पेडोंनी ‘ब्ल्यूशर’ ही जर्मन क्रूझर बुडवली. तेवढ्या उसंतीत राजा होकून, सरकार आणि संसद राजधानीबाहेर निसटली. माझ्या मते अख्ख्या नकाशात याहून मोलाची खूण नाही. लाल शाईने करा.

१० मे रोजी नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग एकदमच. लक्झेंबर्गवर वेळ घालवू नका. रॉटरडॅमवर १४ मे रोजी बाँब पडले, दुसऱ्या दिवशी डच सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या. बेल्जियमला मात्र दोन ओळी द्या: २८ मे रोजी राजा लिओपोल्ड सैन्यासह शरण गेला, पण त्याच्या मंत्रिमंडळाला ते मान्य नव्हतं.

फ्रान्सवर २२ जूनचा युद्धविराम येतो. त्याशेजारी, थोड्या बारीक अक्षरात, १८ जून: लंडनहून फ्रेंच सेनानी द गॉल यांचं, लढा चालू ठेवा असं सांगणारं रेडिओ भाषण.