किडनी बिघडलेल्या कुत्र्याला कच्चं मांस? या चुका टाळा

माझ्या कुत्र्याच्या, गुंड्याच्या, रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) ३.१ आणि फॉस्फरस ६.४ (दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) आला, आणि मी पहिली चूक त्याच संध्याकाळी केली. पाकिटातलं खाणं बंद, आता सगळं घरचं आणि ताजं, असं ठरवून चिकनवाल्याकडे गेलो. "कुत्र्यासाठी द्या," म्हटल्यावर त्याने सवयीने माना, पाय, कातडी आणि वर थोडी कलेजी पिशवीत टाकली. किडनीच्या रुग्णासाठी याहून वाईट पिशवी शोधून सापडली नसती.

रॉ डाएटवाल्यांचं, म्हणजे कुत्र्याला कच्चं मांस घालणाऱ्यांचं, ८०-१०-१० चं गणित तुम्ही ऐकलं असेल: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजीसारखे अवयव. धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत त्यावर हवा तेवढा वाद घाला. आजारी किडनीला मात्र ते मानवणारं नाही, कारण हाड, कलेजी आणि मांस या तिन्हींत फॉस्फरस ठासून भरलेला असतो. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकू शकत नाही, मग तो रक्तात साठतो. त्यावर उपाय म्हणून शरीर पॅराथायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचं हार्मोन वाढवतं, ते हाडांमधून कॅल्शियम ओढतं आणि उरलीसुरली किडनीही लवकर थकते. डॉक्टर ज्या आयरिस टप्प्यांबद्दल (किडनी किती बिघडली हे सांगणाऱ्या चार पायऱ्या) बोलतात, त्यांत क्रिएटिनिन २.९ ते ५.० म्हणजे तिसरा टप्पा. या टप्प्यावर फॉस्फरस ५.० च्या खाली आणायचा असतो.

मग हाडं काढून नुसतं मांस दिलं तर? ही माझी दुसरी चूक. १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. हाड काढलं की कॅल्शियमही गेलं. ते भरून काढायला अंड्याच्या टरफलांची पूड चालते, कारण तिच्यात फॉस्फरस जवळपास नसतो. टरफलं दहा मिनिटं उकळायची, खडखडीत वाळवायची, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करायची. चहाच्या सपाट चमचाभर पुडीत सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून "घाला चिमूटभर" हा हिशेब इथे चालत नाही. किती घालायची ते कुत्र्याचं वजन आणि रक्तातलं कॅल्शियम पाहून डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. रक्तात कॅल्शियम जास्त झालं तर तेही किडनीलाच मारतं. आणि टरफलांऐवजी हाडांची पूड आणली, तर काढलेला फॉस्फरस मागच्या दाराने परत आत येतो.

कच्चं द्यायचं की शिजवून, यावर माझं मत आता पक्कं आहे: शिजवून. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. किडनीच्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि त्याच्या पोटाला आतून जखमाही असू शकतात. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर भांडं घासणाऱ्या हातापासूनच धोका सुरू होतो.

शिजवण्यातही मी माती खाल्ली. मांसाचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं, की काही फॉस्फरस पाण्यासोबत जातो. हे मला माहीत होतं, मी तसं करतही होतो. पण चिकनचं पाणी फेकून द्यायला मराठी हात धजत नाही. मी त्याच पाण्यात त्याचा भात शिजवायचो, चव येते म्हणून! महिनाभराने फॉस्फरस तिथल्या तिथेच. डॉक्टरांनी "भात कशात शिजवता?" असं विचारलं, तेव्हा ट्यूब पेटली. या उकळण्यात बी जीवनसत्त्वंही पाण्यात जातात, ती वेगळी द्यावी लागतात.

भाताचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नाचणी, बाजरी, कोंड्यासकट गव्हाची पोळी हे माणसाला चांगलं, पण पांढऱ्या भातापेक्षा त्यांत फॉस्फरस जास्त. कधी नव्हे ते इथे पांढरा भात जिंकतो.

"किडनी बिघडली, प्रोटीन बंद करा" असं शेजारपाजारचे हमखास सांगतात. वरणभातावर ठेवलेला कुत्रा दोन महिन्यांत झिजतो, पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. प्रोटीन कमी करायचं, पण तोलून. लघवीतून प्रोटीन जातंय का, हे लघवीच्या यूपीसी तपासणीत (प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर) कळतं, आणि त्यावर प्रमाण ठरतं. त्यातल्या त्यात सोन्यासारखी गोष्ट म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस फक्त ५ मिलिग्रॅम. पिवळ्यात तोच ६५ च्या घरात. पांढरं मात्र उकडूनच द्या, कच्च्यातलं अॅविडिन हे प्रोटीन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं.

इंटरनेटवरच्या पाककृतींवर विसंबू नका. २०१२ मध्ये अमेरिकेत किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या गेल्या. सगळी पोषकद्रव्यं पुरेशी असलेली त्यांत एकही निघाली नाही. उलट २००२ च्या एका चाचणीत किडनीसाठीचं खास तयार खाणं खाणारे कुत्रे साधं खाणं खाणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट जगले. त्यामुळे ज्या पाकिटावर मी रागावलो होतो, ते आता अर्ध्या वाटीने परत आलंय. घरचंच द्यायचं असेल, तर पशुआहारतज्ज्ञाकडून आपल्या कुत्र्यापुरतं बनवून घ्या, आणि "आज गाजर नाही, बटाटा टाकू" असे बदल स्वतःच्या मनाने करू नका.

आता सर्वांत जास्त रडवणारा प्रश्न: तो खातच नाही. याला हट्ट समजू नका. बहुतेकदा त्याला मळमळत असतं, किंवा तोंडात फोड आलेले असतात. वाटीजवळ येतो, वास घेतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो आणि तोंड फिरवतो, तर ती मळमळ. आधी उलटी थांबवायचं औषध, मग जेवण. सलाइन चालू असताना नवं खाणं कधीच सुरू करू नका, कुत्रा त्या खाण्याची आणि त्या दुखण्याची कायमची गाठ घालतो. बदल दोन-तीन आठवडे घेऊन करा. अन्न कोमट करून द्या. सकाळी पिवळी उलटी होत असेल, तर रात्री झोपताना दोन घास देऊन पाहा. औषध आवडत्या घासात लपवलंत, तर तो घासही नावडता होतो. आमच्याकडे उकडलेलं अंडं असंच दोन आठवडे बाद झालं होतं.

फॉस्फरस बांधणारं औषध मात्र याला अपवाद. ते जेवणात कालवूनच द्यायचं, रिकाम्या पोटी दिलं तर बांधायला काही नसतं. त्यातलं अॅल्युमिनियमचं औषध चालू झाल्यावर शी कडक झाली, तर डॉक्टरांना कळवा.

पाणी कधीच मोजून देऊ नका. "फार मुततो" म्हणून रात्री भांडं उचलणारी घरं मी पाहिली आहेत. तो मुततो म्हणून पितो, त्याला तेवढं लागतंच. माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल एक नाही, दुसऱ्यात ए आणि डी जीवनसत्त्वं भरपूर असतात, म्हणून एकाऐवजी दुसरं देऊ नका. पाय दुखतो म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी अजिबात नाही. द्राक्षं-मनुके कुत्र्याच्या किडनीला विष, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांतलं टार्टारिक आम्ल चिंचेतही असतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गुंड्याला आमटीतला भात चाटायला देणाऱ्या आमच्या आईला हे पटवायला मला डॉक्टरांशी फोन जोडून द्यावा लागला.